श्वासपटलाची दुर्बिणीतून दुरुस्ती : वाट पोटातून की छातीतून, टाका कसा, जाळी कधी

टाकेबंद (धागाकर्ता)

श्वासपटलाचा हर्निया म्हटलं की सगळे प्रकार एकाच माळेचे मणी समजले जातात. रिपोर्टवर नुसतं 'डायफ्रॅगमॅटिक हर्निया' लिहिलेलं असतं आणि लगेच प्रश्न येतो, 'दुर्बिणीतून होईल का?' बहुतेक वेळा होतं. पण भोक कुठे आहे, कशामुळे पडलं आणि किती जुनं आहे हे कळल्याशिवाय दुर्बीण कुठून घालायची तेच ठरत नाही. इथे सर्जन, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजीवाले, ओटीतल्या सिस्टर असे सगळेच आहेत. प्रत्येकाने आपापल्या कामातले बारकावे लिहावेत, म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्याकडून. छाती आणि पोट यांमधला हा पडदा घुमटासारखा असतो. कडेने स्नायू, मधोमध पांढरी चिवट कंडरा. मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मुळांपासून येणारी फ्रेनिक नस त्याला हलवते. मिनिटाला बारा ते पंधरा श्वास धरले तरी दिवसाला वीस हजारांच्या आसपास हालचाली झाल्या. वर छातीत दाब कमी, खाली पोटात जास्त, त्यामुळे भोक पडलं की पोटातला ऐवज वर ओढला जातो. बेंबीच्या हर्नियाचा टाका माणूस आडवा झाला की थोडा सुटावतो, इथल्या टाक्याला ती सोय नाही. म्हणून या ऑपरेशनमध्ये माझ्या लेखी एकच गोष्ट सगळ्यात वरची: टाक्यावर ताण किती येतोय. भोक बंद झालेलं दिसणं आणि ते बंद राहणं यात फार अंतर आहे.

प्रकार थोडक्यात सांगतो. बोखडालेकचा हर्निया जन्मजात, मागे आणि बाहेरच्या बाजूला, पाचातले चार डावीकडे. प्रागच्या व्हिन्सेंट बोखडालेकने १८४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. मॉर्गान्यीचा पुढे, छातीच्या मधल्या हाडामागे, बहुधा उजवीकडे. हायटसचा हर्निया अन्ननलिकेच्या वाटेतून, आणि मोठ्या माणसांत हाच सर्वाधिक. मग अपघातातली किंवा भोसकल्याची फाट. शेवटचा प्रकार इव्हेंट्रेशन. त्यात भोक नसतंच, पडदा सैल पडून वर चढलेला असतो.

वाटेचा ढोबळ नियम असा: मॉर्गान्यी, हायटस आणि ताजी फाट पोटातून. जुनी फाट, जिथे आतडं आणि ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) फुप्फुसाला चिकटलेलं असणार, ती छातीतून. उजवीकडची यकृतामागची फाटही छातीतूनच नीट दिसते. सैल पडद्याला दोन्ही वाटा चालतात. नवजात बाळांचं बालशल्यवाल्यांनी लिहावं.

फिल्मवाचक

तपासणीबद्दल लिहितो, कारण अर्धे घोळ तिथेच होतात.

अपघातानंतरच्या एक्स-रेत डाव्या छातीत हवेचा मोठा बुडबुडा दिसला की न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) समजून छातीत नळी घालायचा मोह होतो. तो बुडबुडा जठराचा असेल तर नळी थेट जठरात जाते आणि छातीत अन्न सांडतं. रुग्ण तग धरून असेल तर आधी नाकातून जठरात जाणारी रायल्स ट्यूब घाला आणि परत फोटो काढा. ट्यूबचं टोक पडद्याच्या वर छातीत वळलेलं दिसलं की निदान झालं.

सीटी बघताना आडव्या कापांवर थांबू नका, उभे काप दोन्ही दिशांनी बनवून घ्या. भोकातून वर जाताना जठराला किंवा आतड्याला दोरीने आवळल्यासारखी कंबर दिसते, ती कॉलर साइन. दुसरी खूण सोपी आहे. माणूस उताणा झोपलेला असताना जठर किंवा यकृताचा वरचा भाग मागच्या बरगड्यांना सरळ टेकलेला दिसला, तर मधला पडदा आधार देत नाहीये.

एक सापळा लक्षात ठेवा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात छातीतला दाब वाढलेला असतो, त्यामुळे फाट असूनही वर काही चढत नाही आणि सीटी निर्दोष दिसतो. श्वासाची नळी काढल्यावर दोन दिवसांनी दम लागला तर फोटो पुन्हा काढायला हवा.

सर्जनला नुसतं 'मोठा हर्निया' लिहून उपयोग नाही. भोकाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कडेला स्नायू उरलाय की नाही, वर काय काय गेलंय, जठराला पीळ आहे का, फुप्फुस कुठे चिकटलेलं वाटतं, एवढं तरी रिपोर्टात यावं.

भूलघर

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. आता भुलेच्या बाजूने.

रुग्ण बारा तास उपाशी असला तरी छातीतलं जठर रिकामं समजू नका. रायल्स ट्यूबने ओढून घ्या, डोकं वर ठेवा, भूल झटपट क्रमाने द्या. मास्कने दाबून हवा द्यायची नाही. जठर फुगतं आणि ते छातीतच फुगतं. नायट्रस ऑक्साइड या केसमध्ये मी बाजूलाच ठेवते, ते बंद पोकळीत शिरून ती फुगवतं.

खरा मुद्दा गॅसचा. पोटात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिमी (पाऱ्याच्या) दाबाने भरला की तो भोकातून किंवा सोडवताना फाटलेल्या फुप्फुसावरणातून छातीत जातो. याला कॅप्नोथोरॅक्स म्हणतात. मॉनिटरवर बहुधा आधी वायुमार्गाचा दाब वाढतो, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड चढतो, मग ऑक्सिजन उतरतो. रक्तदाब पडला म्हणजे उशीर झाला. अशा वेळी सर्जनला मोठ्याने सांगा: गॅस थांबवा, पोट सैल करा. सावरल्यावर ८ ते १० मिमीवर परत सुरू करता येतं. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) थोडी वाढवली की फुप्फुस आतून उघडं राहतं आणि बहुतेकदा काम पुढे चालतं. मात्र फुप्फुसालाच इजा असेल, हवा तिथून गळत असेल, तर पीप वाढवणं उलट महागात पडतं. तिथे नळी लागते.

अगदी बारीक छिद्र मोठ्या छिद्रापेक्षा घातक ठरतं, हे नव्या लोकांना पटत नाही. ते झडपेसारखं वागतं, गॅस आत जातो पण बाहेर येत नाही. ते रुंद केलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

शेवटचा टाका बांधण्याआधी सक्शनची बारीक नळी भोकातून छातीत ठेवायची, मी फुप्फुस फुगवून धरते, सर्जनने नळी ओढून गाठ मारायची. कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, त्यामुळे फुप्फुस शाबूत असेल तर छातीत नळी ठेवायची गरज पडत नाही. महिनोन्महिने दबलेलं फुप्फुस असेल तर एका दमात पूर्ण फुगवण्याचा हट्ट नको, त्यात पाणी भरतं.

रेसिडेंट_दुसरंवर्ष

हायटसच्या दुरुस्तीच्या पायऱ्या कुणी क्रमाने लिहाल का? मागे टाका घालताना नेमकं किती घट्ट करायचं, तिथे माझा अंदाज चुकतो.

टाकेबंद

लिहितो. थोडं लांबेल.

रुग्णाचे पाय फाकवून, टेबल डोक्याकडून २० ते ३० अंश वर. सर्जन पायांच्या मध्ये. रुग्ण खाली घसरू नये म्हणून पायाला आधार आणि पट्टा आधीच तपासा. पाच पोर्ट (साधनं आत घालायची छिद्रं): कॅमेऱ्याचा बेंबीच्या चार-पाच सेंटिमीटर वर, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे. बेंबीतच कॅमेरा घातला तर उंच माणसात हायटसपर्यंत नजर पोचत नाही. छातीच्या हाडाच्या टोकाखालून यकृताचा डावा भाग उचलून धरायला नॅथन्सनचा आकडा. दोन्ही बरगड्यांखाली कामाचे दोन, आणि डाव्या कुशीकडे मदतनिसाचा एक.

पहिली पायरी म्हणजे जठर हळूच खाली ओढून बघणं. येईल तेवढंच. जोर लावून ओढलं की जठराची भिंत फाटते, आणि जुन्या मोठ्या हर्नियात ती आधीच सुजलेली असते. हर्निया खाली आणायचा तो त्याच्याभोवतीची आवरणाची पिशवी सोडवून. यकृत आणि जठर यांमधला पातळ पडदा उघडून उजव्या क्रसवर (अन्ननलिकेच्या वाटेच्या दोन्ही कडांना पडद्याच्या स्नायूचे दोन खांब असतात, त्यातला एक) या. साधारण दहातल्या एका माणसात यकृताची डावी रक्तवाहिनी याच पडद्यातून जाते. जाड, धडधडणारी दिसली तर वाचवा. मग पिशवीची कड क्रसच्या आतल्या बाजूने कापून छातीत शिरा. योग्य थरात असाल तर मऊ, पांढरट, कापसासारख्या तंतूंतून पिशवी नुसत्या ढकलण्याने सुटत जाते. रक्त यायला लागलं म्हणजे थर चुकला. क्रसवरचं चकचकीत आवरण शाबूत ठेवा, उघडा स्नायू टाका धरत नाही.

जठराला चालवणाऱ्या दोन्ही व्हेगस नसा अन्ननलिकेला चिकटून राहू द्या. पुढची मोठ्या पिशवीत ताणली जाऊन लांब गेलेली असते आणि पिशवीसोबत कापली जाते. मग जठर रिकामं होत नाही आणि दुरुस्ती उत्तम होऊनही रुग्ण उलट्या करत राहतो.

यानंतर अन्ननलिकेभोवती पेनरोजची मऊ रबरी पट्टी घालून छातीत वरपर्यंत मोकळी करा. किती? पट्टी सोडल्यावर, ओढ न लावता, अन्ननलिकेचा अडीच ते तीन सेंटिमीटर भाग पोटात राहिला पाहिजे. पट्टी ओढून धरून मोजणं ही स्वतःची फसवणूक आहे. एवढं करूनही लांबी मिळाली नाही तर जठराच्या वरच्या भागातून स्टेपलरने नळी वाढवायची, ते कॉलिस.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही क्रस अन्ननलिकेच्या मागे जुळवायचे. दोन शून्य किंवा एक शून्य जाडीचं न विरघळणारं पॉलिएस्टर, प्रत्येक घास सेंटिमीटरभर जाड, दोन टाक्यांत सेंटिमीटरभर अंतर, आवरणासकट. उजव्या क्रसमध्ये सुई घालताना खालची मोठी शीर जवळ असते, आणि खालच्या टाक्याच्या मागेच महाधमनी. सुईचं टोक दिसत नसेल तर पुढे ढकलू नका. तीन-चार टाके पुरतात. गाठ कडा एकमेकींना टेकेपर्यंतच. स्नायू पांढरा पडला तर तो टाका स्नायू कापणार. शेवटी अन्ननलिकेच्या बाजूने पाच मिमीचं बंद ग्रास्पर (पकडायचा चिमटा) सहज जायला हवं. मागेच सगळे टाके घेतले आणि अन्ननलिका पुढे कमानीसारखी उचलली गेली, तर थांबा आणि एखादा टाका पुढून घ्या.

ताण वाटतोय? टाके घालताना गॅस ८ मिमीवर आणा, पडदा सैलावतो. तरीही जुळत नसेल तर उजव्या क्रसच्या बाहेरच्या बाजूला ढिलाईची चीर देता येते. खालच्या महाशिरेच्या कडेला थोडी पट्टी सोडून, आणि त्या चिरेवर जाळी झाकून.

मग रॅप, म्हणजे आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा अन्ननलिकेभोवती वेढा. जठराचा वरचा भाग मोकळा करायला प्लीहेकडच्या छोट्या रक्तवाहिन्या हार्मोनिकने (कंपनाने कापून रक्त थांबवणारं साधन) घ्यायच्या. अगदी वरची वाहिनी आखूड असते, तिथे मदतनिसाने ओढ लावली की प्लीहेचं आवरण फाटतं. जठर मागून उजवीकडे आणलं आणि सोडलं तर ते तिथेच थांबलं पाहिजे, परत पळालं तर रॅप ओढातला आहे. पूर्ण वेढा दोन सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आतून ५६ ते ६० फ्रेंच जाडीचा बूजी (तोंडातून घातलेली मापाची नळी). गिळण्याची ताकद कमी असेल तर २७० अंशांचा अर्धवट वेढा, टूपे, बरा. त्यासाठीच आधी मॅनोमेट्री (अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी). रुडॉल्फ निसेनने हा वेढा १९५० च्या दशकात उघड्या शस्त्रक्रियेत आणला. दुर्बिणीतून तो १९९१ मध्ये बेल्जियमच्या दालमान्य यांनी प्रसिद्ध केला. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं ते १९९० मध्ये, म्हणजे दोन्ही एकाच काळातली गोष्ट.

ओटी_ताई

ट्रेचं मी सांगते. ३० अंशांची दहा मिमी दुर्बीण, गरम पाण्याचा थर्मास शेजारी. नॅथन्सनचा स्टँड टेबलाच्या उजव्या कडेला भूल देण्याआधीच बसवून ठेवा, ड्रेप झाल्यावर त्याचा स्क्रू सापडत नाही. दोन नीडल होल्डर, बॅबकॉक, दोन आघातरहित ग्रास्पर, हार्मोनिक, हुक, सक्शन. पेनरोजची पट्टी दहा-बारा सेंटिमीटर कापून, टोकाला एंडोलूप किंवा क्लिपसह. पॉलिएस्टरचा धागा आत गाठ मारायला १५ सेंटिमीटर, बाहेरून गाठ सरकवणार असतील तर पूर्ण लांबीचा आणि नॉट पुशर. धागा किती कापायचा ते सर्जनला आधी विचारा.

प्लेजेट (टाक्याखाली ठेवायचे कापडाचे तुकडे) मोजून द्यायचे आणि मोजून लिहायचे, सुयांसारखेच. पांढरा बारीक तुकडा रक्तात भिजला की छातीत दिसत नाही.

उघड्या शस्त्रक्रियेचा सेट खोलीत, न उघडता. छातीची नळी आणि अंडरवॉटर सील बाटलीही खोलीतच, स्टोअरमध्ये नाही. बूजी घालताना खोलीत शांतता हवी. घालणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि सर्जनने पडद्यावर बघत 'पुढे' किंवा 'थांबा' म्हणायचं. अन्ननलिकेला भोक पडतं ते याच मिनिटात.

रेसिडेंट_दुसरंवर्ष

ताई, डॉक्टर, दोघांचे आभार. जाळीचं कुणीच बोललं नाही.

घाटमाथा

मी बोलतो, आणि टाकेबंद यांचं मत वेगळं असेल याची कल्पना आहे. मोठ्या हायटस हर्नियात, क्रस पातळ असतील तर, मला नुसत्या टाक्यांवर भरवसा नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर विरघळणारी जाळी इंग्रजी यू आकारात, मागच्या टाक्यांवर आधार म्हणून ठेवावी, असं माझं मत. अन्ननलिकेभोवती गोल चकती कधीच नको.

टाकेबंद

मतभेद आहेच, आकड्यांनी मांडतो. अमेरिकेत ओल्शलेगर यांच्या गटाने मोठ्या हर्नियात जैविक जाळीची चाचणी केली. २००६ मध्ये, सहा महिन्यांनंतर, जाळीवाल्यांत ९ टक्के आणि बिनजाळीवाल्यांत २४ टक्के हर्निया परतला. वाटलं, प्रश्न सुटला. २०११ मध्ये त्याच रुग्णांचे पाचेक वर्षांनंतरचे फोटो आले: ५४ विरुद्ध ५९. फरक पुसला गेला. त्यातल्या बहुतेकांना त्रास नव्हता आणि पुन्हा ऑपरेशन फार थोड्यांना लागलं, हेही तितकंच महत्त्वाचं. म्हणजे जाळीने वेळ मिळतो. ताण मात्र जसाच्या तसा राहतो.

कायमस्वरूपी कृत्रिम जाळी अन्ननलिकेला टेकली तर ती वर्षांनंतर आत घुसू शकते, आणि ती काढताना कधी कधी अन्ननलिकाच काढावी लागते. त्या धोक्यापुढे परतलेला छोटा हर्निया मला परवडतो.

घाटमाथा

आकडे मान्य. माझा मुद्दा फक्त पातळ क्रसपुरता आहे, तेवढा कायम ठेवतो. पण एका गोष्टीवर आपलं एकमत असेल: टॅकर, म्हणजे जाळी ठोकून बसवायचा खिळा. हायटसच्या पुढच्या बाजूला, हृदयाखाली, पडदा दोन-तीन मिमीच जाड असतो आणि स्क्रूसारखा टॅकर त्याहून खोल जातो. त्यातून हृदयाभोवती रक्त साचून मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. या भागात टॅकर नकोच. टाका किंवा गोंद.

टाकेबंद

शंभर टक्के. ऑपरेशननंतर काही तासांत रक्तदाब पडला, मानेच्या शिरा फुगल्या आणि पोटात रक्त नसेल, तर इको आधी.

बालशल्य

नवजात बोखडालेकबद्दल. साधारण तीन हजार जन्मांत एक बाळ. पहिली गोष्ट, ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. बाळाचं मरण भोकामुळे येत नाही, न वाढलेलं फुप्फुस आणि फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब यांमुळे येतं. जन्मतःच श्वासनलिकेत नळी घाला, मास्कने हवा देऊ नका, रायल्स ट्यूब ओढती ठेवा. मग थांबा. युरोपातल्या तज्ज्ञगटाचे निकष उपयोगी आहेत: रक्तदाब वयाला साजेसा, दिला जाणारा ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या आत असताना उजव्या हातावर सॅच्युरेशन ८५ ते ९५, लॅक्टेट ३ च्या खाली, लघवी किलोमागे ताशी १ मिलीहून जास्त. हे जमेपर्यंत ओटी नको.

दुर्बीण कुणाला? स्थिर बाळ, साध्या व्हेंटिलेटरवर, यकृत पोटातच. दुखरी बाजू वर करून, टेबलाच्या कडेला आडवं. ३ मिमीची साधनं, पहिला पोर्ट खवाट्याच्या टोकाखाली. गॅस ३ ते ५ मिमी, प्रवाह मिनिटाला १ लिटर. एवढासा दाबही आतडी खाली ढकलायला मदत करतो. आधी आतडी खाली, प्लीहा शेवटी, कारण ती दार अडवून बसते आणि आतडी परत वर येऊ देत नाही. प्लीहेला ग्रास्परने पकडायचं नाही, बंद साधनाच्या पोटाने ढकलायचं.

मागची कड बहुधा आवरणाखाली गुंडाळलेली असते, ती उलगडली तर 'स्नायूच नाही' वाटलेल्या बाळात स्नायू निघतो. टाके आतल्या बाजूने बाहेर. बाहेरचा मागचा कोपरा ही कायमची दुखरी जागा, तिथे पडद्याला धरायला काही नसतं. त्वचेला बारीक छेद देऊन बरगडीभोवतून टाका घ्यायचा आणि गाठ बाहेर बांधायची. इथे कंजुषी केली की हर्निया तिथूनच परततो.

कडा जुळत नसतील तर गोरटेक्सचा (कृत्रिम कापडाचा) तुकडा. तो मापात नको, ऐसपैस आणि घुमटासारखा, कारण बाळ वाढतं आणि तुकडा वाढत नाही.

दुर्बिणीच्या दुरुस्तीत हर्निया परतण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे, हे पालकांना आधी सांगितलं पाहिजे. शिवाय छातीत गॅस भरल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, आम्ल वाढतं. पीएच ७.२ खाली टिकून राहिला तर पोटावर छेद घेऊन उघडायचं, त्यात कमीपणा नाही.

भूलघर

बाळाच्या केसमध्ये बाहेर पडणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर विसंबू नका, तो खरा आकडा कमी दाखवतो. धमनीतलं रक्त तपासत राहा.

रेसिडेंट_दुसरंवर्ष

गर्भातच फुगा घालण्याबद्दल वाचलं होतं, ते काय?

बालशल्य

श्वासनलिकेत फुगा. फुप्फुसातला द्रव आत अडून राहतो आणि फुप्फुस वाढतं. २७ ते २९ आठवड्यांत घालतात, ३४ व्या आठवड्यात काढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या अतितीव्र गटात जगण्याचं प्रमाण १५ वरून ४० टक्क्यांवर गेलं, पण वेळेआधी प्रसूतीही वाढल्या. फुगा आत असताना कळा सुरू झाल्या तर तो तत्काळ काढणारा चमू जवळ हवा. म्हणून आई त्या केंद्रापाशीच राहायला हवी. भोक शिवणं जन्मानंतरच.

फुप्फुसवाला

सैल पडद्याबद्दल दोन परिच्छेद. उंच पडदा दिसला म्हणून शिवायचा नाही. दम लागत असेल आणि दुसरं कारण नसेल तरच. एक्स-रे स्क्रीनिंगखाली रुग्णाला नाकाने झटकन हुंगायला सांगा, लुळा पडदा उलटा वर जातो. बसून आणि झोपून फुप्फुसाची क्षमता मोजा, निरोगी माणसात झोपल्यावर १० टक्क्यांहून कमी घटते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नस बधिर झाली असेल तर मोठ्या माणसात सहा महिने ते वर्षभर थांबा, बऱ्याच वेळा ती परत येते. व्हेंटिलेटर सुटत नसलेल्या लहान बाळात मात्र एवढं थांबता येत नाही.

छातीतून करताना एकाच फुप्फुसावर श्वास, छातीत ८ मिमी गॅस, पडदा खाली दबतो आणि जागा मिळते. पडद्याची घडी ग्रास्परने उचलून प्लेजेटवर एक शून्य पॉलिएस्टर, समांतर रांगा, मागून पुढे. सुई वरवरच चालली पाहिजे. खाली यकृत, प्लीहा, मोठं आतडं असतं आणि ते दिसत नाही. घडी उचलून थोडी हलवली की चिकटलेलं आतडं खाली निसटतं. शेवटी पडदा ढोलकीच्या पुडीसारखा ताठ आणि आधीपेक्षा एक-दोन बरगड्या खाली दिसायला हवा. इथे, फक्त इथेच, ताण हवा असतो. आणि फ्रेनिक नसेच्या फांद्या मधून बाहेर पसरतात, त्यामुळे पडद्याला कधी चीर द्यायची झाली तर ती कडेला समांतर, मधून बाहेर नाही.

घाटमाथा

भोसकल्याच्या जखमांचं राहून जाईल म्हणून. डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या पातळीपासून बरगड्यांच्या कडेपर्यंत कुठेही जखम, रुग्ण स्थिर, पोट मऊ, सीटी स्वच्छ, तरी दुर्बिणीतून पडदा बघावा. एक-दोन सेंटिमीटरचं भोक सीटीत दिसत नाही आणि आपोआप भरतही नाही. वर्षांनंतर त्यातच आतडं आवळलं जातं. उजवीकडे यकृत बूच लावतं, तिथे एवढी घाई नाही. ताज्या छोट्या भोकाला एक शून्य प्रोलीनचा आठच्या आकाराचा टाका पुरतो. मुका मार लागून झालेली फाट लांबलचक असते, पाच ते पंधरा सेंटिमीटर, आणि सोबत प्लीहा वा यकृत फुटलेलं असतं. रक्तदाब डळमळीत असेल तर दुर्बीण बाजूला ठेवा. भोक शिवण्याआधी त्याच भोकातून छाती कोमट सलाइनने धुवा, आतड्यातलं काही वर गेलं असेल तर पू होतो. इथे छातीची नळी ठेवायचीच.

मॉर्गान्यी मात्र सरळ: पिशवी सोडून ऐवज खाली घ्यायचा, मग पोटाच्या भिंतीतून सुई आत-बाहेर करून यू टाके, गाठी त्वचेखाली. पुढच्या बाजूला पडद्याची कडच नसते, म्हणून भिंतीचा आधार. कडेच्या छातीच्या आतल्या रक्तवाहिन्या सांभाळा.

पथ्यपाणी

हायटसच्या दुरुस्तीनंतरचा आहार मी सांगते, कारण घरी गेल्यावर चूक इथे होते. पहिला आठवडा पातळ: गाळलेली भाताची पेज, ताक, मुगाचं गाळलेलं कढण, सार. दुसऱ्या आठवड्यापासून मऊ गुरगुट्या भात-वरण, पातळ उपमा, दही, शिजवून कुस्करलेला भोपळा. पोळी, भाकरी, पाव, कोरडे पोहे, मटण चार ते सहा आठवडे नाही. सूज असते, आणि पाव तर चिकटतोच. भाकरी सुरू करताना दुधात कुस्करून. एका वेळी वाटीभर, दर दोन-अडीच तासांनी, बसून. सोड्याचं काहीही नको, ढेकर देता येत नाही आणि पोट फुगतं.

बद्धकोष्ठ झालं म्हणून घरातलं इसबगोल घेऊ नका. ते फुगतं आणि सुजलेल्या अन्ननलिकेत अडकू शकतं. लॅक्ट्युलोज विचारून घ्या. गोळ्या मोठ्या असतील तर पातळ औषध मागा.

श्वासव्यायाम

तीन चेंडूंचं यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा, ओढायचं, फुंकायचं नाही. हे निम्मे रुग्ण उलटं करतात, समोर करवून घ्या. खोकताना उशी पोटाशी धरायची. सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही. पाण्याची भरलेली कळशी त्यात येते.

डावा खांदा दुखतो, त्याने घाबरू नका. पडद्याची आणि खांद्याची नस मानेत एकाच मुळांतून येते, दोन-तीन दिवसांत जातं.

टाकेबंद

खांदादुखीला एक पुरवणी. खांदा दुखतोय आणि नाडी १२० च्या वर, ताप, घाबरंघुबरं, तर तो गॅसचा खांदा नाही. गळती समजून त्याच दिवशी सीटी, तोंडाने रंग देऊन. पहिल्या रात्री उलटीची उबळही येऊ देऊ नका, ओंडॅनसेट्रॉन वेळेवर, लागेल तेव्हा नाही. एका जोरदार ओकारीत मागचे टाके फाडून रॅप छातीत जातो.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, मोठा हर्निया घेऊन वाट बघताहेत त्यांच्यासाठी: वरच्या पोटात जबर दुखणं, ओकाऱ्या येऊनही काही न पडणं, आणि दवाखान्यात रायल्स ट्यूब खाली न जाणं, हे तिन्ही एकत्र म्हणजे जठराला पीळ पडलाय. ओपीडीची तारीख बघत बसू नये.

रेसिडेंट_दुसरंवर्ष

ऑपरेशन नोटमध्ये नेमकं काय लिहावं? आमच्याकडे 'हर्निया शिवला' एवढ्यावर भागतं.

टाकेबंद

भोक किती बाय किती. आत काय होतं, रंग कसा होता. पिशवी पूर्ण काढली की ठेवली. दोन्ही व्हेगस दिसल्या का. ओढ न लावता अन्ननलिका पोटात किती सेंटिमीटर. टाके किती, कोणता धागा, मागे किती, पुढे किती. फुप्फुसावरण उघडलं का, कोणत्या बाजूचं. रॅप किती अंशांचा, कोणत्या बूजीवर. छातीची नळी का ठेवली किंवा का नाही. जाळी वापरली असेल तर कोणती, कुठे, कशाने बसवली, आणि तिच्या खोक्यावरचा स्टिकर नोटला चिकटवा. टॅकर वापरले असतील तर धातूचे की विरघळणारे तेही. पाच वर्षांनी एमआरआयच्या दारात कुणीतरी हेच विचारणार आहे.